मामंजींची मोटार

माझ्या सासऱ्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी त्यांचं कौतुक कानावर आलं की अजून माझ्या कपाळाला आठी पडते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे मलाही माहीत आहे. पण मेल्यामुळे माणूस सुधारतो असं कुणी मला दाखवून दिलेलं नाही. मी त्यांना मामंजी म्हणत असे, तेव्हा इथेही तेच म्हणते.

मामंजी मामलेदार कचेरीत कारकून होते. ते पेन्शनीत निघाले त्याच साली मी त्या घरात सून म्हणून आले. रत्नागिरीत चिऱ्याचं घर, पुढे लांब पडवी, मागे विहीर आणि पाचसहा माड. पडवीच्या एका टोकाला मामंजींची फळी होती आणि फळीवर कानशी, पकड, हातोडी, भोकं पाडायचा सामता, जुन्या घड्याळांची पोटं, कुलपांच्या किल्ल्या असला सगळा पसारा. जन्मभर कचेरीत टाक चालवलेल्या माणसाला ही हत्यारं कुठून सुचली, देव जाणे. सकाळी पूजा आटोपली की ते फळीशी बसत. घरातली जी वस्तू हाताला लागेल ती दुसरीत नीट बसते की नाही ते बघत. बसली नाही तर घासत. बसली तरी थोडी घासतच.

"न बसणारी वस्तू देवाने केलेलीच नाही," ते म्हणत. "कुठे घासायचं तेवढं कळलं पाहिजे."

पावसाळ्यात सगळ्या कोकणात दारं फुगतात. लोक ती खांद्याने ढकलतात आणि दिवाळीपर्यंत कळ काढतात. मामंजींना कळ काढणं माहीत नव्हतं. भर श्रावणात ते दारांना रंधा मारत. मग थंडीत लाकूड सुकलं की फटींतून वारा यायचा, सासूबाई खोकायच्या, आणि मामंजी त्या फटींवर पट्ट्या ठोकायचे. पुढल्या पावसाळ्यात पट्ट्या फुगायच्या. आमच्या घराची दारं अशी दर वर्षी रोडावत आणि बाळसं धरत राहिली.

लोक त्यांना विक्षिप्त म्हणत, पण प्रेमाने. कुणाचं कुलूप अडलं, कुणाचं शिवणयंत्र बिघडलं की आमच्या पडवीत यायचे, चहा प्यायचे आणि 'काय हात आहे हो!' म्हणत जायचे. त्यांना परत जायला स्वतःचं घर होतं.

मी हेदवीची. लग्नानंतर आईने लाडवांचा एक पितळी डबा बरोबर दिला होता. त्याचं झाकण इतकं घट्ट की उघडताना दोन पायांत डबा धरावा लागे. पहिल्याच आठवड्यात तो मामंजींच्या नजरेस पडला. दुपारी मी डोळे मिटले होते तेवढ्यात त्यांनी झाकण घासून काढलं.

"सूनबाई, आता बघ. फुंकर मारलीस तरी उघडेल."

दुसऱ्या दिवशी लाडवांना मुंग्या लागल्या. मी ते परसात टाकून आले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मामंजी म्हणाले, "रडतेस काय? मुंग्यांचं बघू आपण काहीतरी." मुंग्यांचं त्यांनी काहीच बघितलं नाही. मुंग्या घासता येत नाहीत.

लग्नात तांदळात बोट फिरवून माझं नवं नाव लिहिलं होतं. तेही त्यांनीच निवडलेलं. महिन्याभरात त्यांना ते आवडेनासं झालं. पडवीतून हाक मारली की स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही म्हणाले, आणि मागची दोन अक्षरं काढून टाकली. माहेरचं एक, लग्नातलं एक आणि मामंजींनी कापलेलं एक, अशी तीन नावं मला झाली. मी तिन्हींना ओ देत असे.

खोटं कशाला बोलू, एक गोष्ट त्यांनी मला विचारून केली होती. मी ठेंगणी. सासूबाईंच्या विळीवर बसून नारळ खवताना माझा खांदा भरून येई. मामंजींनी ते पाहिलं, मला पाटावर बसायला लावलं, "इथे? का अजून खाली?" असं विचारत विचारत विळीचं बूड तासलं. ती विळी मी अजून वापरते. पण एका विळीवर किती वर्षांचं मन राखायचं?

आमचे हे मुंबईला होते. तिथल्या कोट भागात, एका विलायती मालाच्या दुकानात विक्रीवर. शिमग्याला यायचे, आणि दुकानात सुट्टी मिळाली तर आंब्याच्या दिवसांत. बाकी वर्षभर मी, सासूबाई आणि मामंजींची कानस. लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती, पण आम्ही दोघं एका घरात राहिलो ते दिवस जोडले असते तर एक पावसाळाही भरला नसता. मूल नव्हतं. त्याबद्दल बायका माझ्याकडे बघून हळहळायच्या, जसं काही मूल टपालाने येतं.

दर खेपेला हे म्हणायचे, "पुढल्या वेळी नक्की. खोली बघतोय." मी दर खेपेला विश्वास ठेवायची. माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत दोन नवी लुगडी घडी न मोडता पडली होती. मला मुंबई बघायची नव्हती. मला माझी स्वतःची चूल हवी होती, तिच्यासमोर जेवायला बसलेला नवरा हवा होता आणि झाकणं घट्ट असलेले डबे हवे होते. एवढंच हवं होतं, आणि ते इतकं हवं होतं की मी ह्यांना गेल्या खेपेला विहिरीपाशी सांगून ठेवलं होतं, "येत्या शिमग्याला मला नेलं नाहीत तर मी ऐकायची नाही."

त्या शिमग्याला हे आगबोटीने आले. मामंजी त्यांना आणायला बंदरावर गेले होते. ह्यांच्या काखेत एक पुठ्ठ्याची मोठी पेटी होती. झाकणावर तांबड्या मोटारीचं चित्र, आत टोपी घातलेला गोरा माणूस. पेटीत मात्र मोटार नव्हती. तिचे तुकडे होते. भोकं पाडलेले पत्र्याचे भाग, चाकं, लोखंडी आस, दातेरी चक्रं, चावी द्यायची कमान, बारीक स्क्रूंची पुडी. ते चित्राबरहुकूम जोडायचे आणि चावी दिली की मोटार चालायची. दुकानात पेटी पडून राहिली होती, ती ह्यांना अशीच मिळाली.

"तुमच्यासाठी आणली, बाबा. तुम्हाला आवड आहे म्हणून."

मामंजींनी दोन तुकडे हातात घेतले, एकमेकांना लावून पाहिले, आणि पेटी बंद केली. त्यांनी हत्यार न उचलता हात मागे घेतलेला मी प्रथमच पाहत होते.

रात्रीची जेवणं झाल्यावर हे पडवीत बसले आणि मी दाराआड उभी राहिले. ह्यांनी विषय काढला. "बाबा, ह्या खेपेला हिला घेऊन जावं म्हणतो." मी दाराला कान लावला.

"ने की," मामंजी म्हणाले. "माझी ना नाही. पण ती मोटार तू जोडायचीस. तुझ्या हातांनी. दारात पालखी येईपर्यंत ती चालली तर ने बायकोला. ज्याला खेळातली मोटार उभी करता येत नाही त्याने मुंबईत बिऱ्हाड मांडायच्या गोष्टी करू नयेत."

"बरं," हे म्हणाले.

इतक्या चटकन म्हणाले की मला त्यांचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवसापासून हे पडवीत पेटी मांडून बसले. जमेना. खालच्या पत्र्याची भोकं बाजूच्या पत्र्याच्या भोकांवर येईनात. एक जुळवावं तर दुसरं सुटायचं. आस इतका जाड की चाकात शिरेना, आणि पुढची चाकं मागच्यांपेक्षा बोटभर लहान. ह्यांनी वरचा टप जोर लावून बसवला तेव्हा त्याचा कान तुटला. मामंजी जवळच खुर्चीत पाठ करून बसलेले. मागे वळून बघायचे नाहीत, पण स्क्रू खाली पडल्याचा आवाज झाला की त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर नाचायची.

दुपारी सगळे आडवे झाले की मी पडवीत जाऊन ते तुकडे बघून यायची. बघता बघता माझ्या लक्षात आलं. विहिरीवर हे पाय धुवायला आले तेव्हा मी हळूच सांगितलं, "अहो, ती चाकं दुसऱ्याच मोटारीची वाटतात. एका पेटीत दोन पेट्यांचा माल आलाय."

"तुला काय कळतंय त्यातलं?" हे म्हणाले आणि टॉवेल घेऊन गेले. संध्याकाळी ते मित्रांकडे पत्ते कुटायला गेले. मोटारीचे तुकडे पडवीत तसेच पडून होते.

पालखी यायच्या आदल्या दिवशी ह्यांनी सगळं पेटीत भरलं आणि मामंजींच्या फळीवर नेऊन ठेवलं. "नाही जमत. मालच खोटा आहे."

मामंजींनी पेटी बाजूला सरकवली. सासूबाई म्हणाल्या, "जाऊं दे गो, पुढल्या वर्षी." मी त्या दिवशी जेवले नाही. कुणी विचारलंही नाही.

सकाळी सारवण, रांगोळी, ओटीचं ताट, पालखीबरोबर येणाऱ्या मंडळींचा चहाफराळ अशी धांदल होती. मी पडवीत पाण्याची कळशी ठेवायला गेले तर मामंजी फळीशी. हातात तो आस.

"नुसता बघतोय," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

थोड्या वेळाने कानशीचा आवाज सुरू झाला. मग तो थांबलाच नाही. सासूबाईंनी आंघोळीला हाक मारली, त्यांनी ऐकली नाही. चहा गार झाला. त्यांनी आस घासून बारीक केला. लहान चाकांपर्यंत खाली येईल असा पुढचा पत्रा वाकवून घेतला. जुनी भोकं सोडून दिली आणि सामत्याने नवी पाडली. दातेरी चक्रं एकमेकांना लागत नव्हती, तर करवंटीची चकती कापून मध्ये घातली आणि कमान पुढे सरकवली. तुटलेल्या कानाच्या जागी घासलेटच्या डब्याचा तुकडा. सगळ्याला खोबरेल तेल. मी येता-जाता बघत होते, आणि मला सांगायला लाज वाटते की माझ्या मनात त्यांच्याबद्दल माया उचंबळून येत होती. मला वाटलं, म्हाताऱ्याला दया आली.

हे दारात येऊन म्हणाले, "बाबा, राहू द्या ना आता. कशाला?"

"गप रे. येतंय."

"बाबा, सोडा म्हणतो ना."

"येतंय रे मेल्या, थांब!"

ढोल ऐकू यायला लागले. पालखी अंगणात आली, नाचली, खाली ठेवली. सासूबाईंनी ओटी भरली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. ह्या घराच्या पोराबाळांना, गुराढोरांना, दर्यावर आणि मुंबईला असलेल्यांना सुखरूप ठेव रे महाराजा. प्रत्येक वाक्यावर मंडळी ओरडत होती, "व्हय म्हाराजा!" घरचा कर्ता पुरुष मात्र अंगणात नव्हता. गाऱ्हाणं संपता संपता मामंजी फळीपासून उठले. आंघोळ नाही, अंगावर लोखंडाचा भुगा, हातात मोटार. चावी दिली, सारवलेल्या पडवीत तिला खाली ठेवलं आणि हात सोडला.

मोटार चालली. किंचित डावीकडे ओढ घेत, टप डोलवत, कुरकुर करत ती पडवीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि खांबाला टेकून थांबली. मंडळींनी आरोळी ठोकली. ढोलवाल्याने दोन टिपऱ्या ओढल्या.

मी डोक्यावरचा पदर सावरला आणि उंबऱ्याच्या बाहेर आले. एवढ्या पुरुषांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. मी म्हटलं, "मामंजी, मोटार चालली. पालखी दारात आहे. मग मी माझी ट्रंक भरू ना?"

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, मग मोटारीकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की आपण काय करून बसलो हे त्यांना त्याच क्षणी उमगलं असावं. तेवढ्यात पालखीबरोबरच्या कुणातरी म्हाताऱ्याने, गाऱ्हाण्याची सवय जिभेवर होती म्हणून, मागून जोरात म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

अंगणभर हसू फुटलं. गुरव हसला, ढोलवाले हसले, सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. आमचे हेही हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. त्या हसण्यात माझा प्रश्न कुठल्या कुठे वाहून गेला.

हसू ओसरल्यावर मामंजी खाली बघून म्हणाले, "मी चालवली गो. त्याने नाही." आणि सासूबाई म्हणाल्या, "आत हो."

पुढल्या बोटीने हे एकटेच गेले. मी लुगडी ट्रंकेतून काढली आणि रोजच्या नेसण्यात घेतली.

त्यानंतर मी मामंजींना जेवायला वाढलं, त्यांचं धोतर धुतलं, आजारपणात काढा दिला, पण कामापलीकडे शब्द बोलले नाही. मला पक्कं ठाऊक होतं की त्यांनी मोटार चालवली ती मुलाला लोकांसमोर खाली बघायला लावायला, आणि त्यांच्या त्या हौसेपायी माझी चूल गेली. ती मोटार पुढे कितीतरी वर्षं चालली. पाहुणा आला की ते चावी द्यायचे आणि सांगायचे, "हिचं एकही भोक मूळचं नाही!" पाहुणे वाहवा करायचे. मी आतून भांडी जरा जास्तच आपटायची.

सासूबाई गेल्या. मग एका सकाळी मामंजींचा उजवा हात उठेना. वैद्य आले, तेल चोळलं, हात काही परत आला नाही. फळीवर धूळ बसली. ते पडवीत पाटाला टेकून बसायचे आणि नजर घरभर फिरवत काय सैल आहे, काय अडतंय ते सांगायचे.

एके दिवशी म्हणाले, "ह्या पाटाचं बूड डुगडुगतंय. कानस आण. मी दाखवतो तिथे घास."

मी कानस आणली आणि घासलं. त्यांना पटेना. "तिथे नाही गो, अलीकडे. तुला नि त्याला, दोघांनाही घासता येत नाही."

मी कानस खाली टाकली. माझ्या पोटात साठलेलं सगळं बाहेर आलं. "तुम्हालाच काय ते येतं! सगळ्यांना घासलंत. माझं नाव घासलंत, डबा घासलात, संसार घासून संपवलात. पोराला चारचौघांत खाली बघायला लावायचं म्हणून ती मोटार चालवलीत, आणि मी इथे सडले."

मामंजी माझ्याकडे वळले. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, पण शब्द स्पष्ट होते.

"त्याला खाली बघायला लावायला? अगो, त्यानेच मला सांगितलं होतं. बंदरावरून घरी येता येता. म्हणाला, बाबा, ती ह्या खेपेला ऐकायची नाही, तुम्हीच काहीतरी काढा नि नाही म्हणा. माझं तिकडे एकट्याचं बरं चाललंय. म्हणून मी ती अट काढली. पेटी उघडली तेव्हाच मी ओळखलं होतं, दोन मोटारींचा माल आहे. जुळायची नव्हतीच ती."

मला एकेक आठवत गेलं. ह्यांचं ते चटकन 'बरं' म्हणणं, संध्याकाळचे ते पत्ते, दारात उभं राहून 'राहू द्या ना' म्हणणं, आणि ते सगळ्यांपेक्षा मोठं हसणं.

"मग चालवलीत कशाला?" मी विचारलं.

"राहवलं नाही गो. समोर पडली होती, बसत नव्हती."

"आणि मी सगळ्यांदेखत विचारलं, तेव्हा खरं का नाही सांगितलंत?"

"पोरगा माझा आहे," मामंजी म्हणाले.

इथे मला त्यांची दया आली असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण नाही आली. इतकी वर्षं एकाच माणसाचा राग केला होता, आता तो दोघांत वाटायचा एवढाच फरक झाला, आणि रागाचं असं आहे की वाटल्याने तो कमी होत नाही. पत्र्याच्या खेळण्याला जागेवर बसवायला हा माणूस आंघोळ आणि देव विसरला. माझ्यासाठी त्याला एक खरं वाक्य बोलायचं होतं. त्याला कानसही लागली नसती.

मी पाट उलटा केला आणि ते सांगत होते तिथे घासून दिला. डुगडुगायचा थांबला. "हां," मामंजी म्हणाले आणि टेकले. पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

हे आले, सगळं रीतसर केलं. ह्यांचे केस पांढरे झाले होते आणि पोटाची तक्रार लागली होती. तेरावं झाल्यावर दुपारी पडवीत माझ्याजवळ बसले. मी सुपात तांदूळ निवडत होते.

"खाणावळीचं जेवण आता सोसत नाही," ते म्हणाले. "आणि बाबा गेले, आता तुला तरी इथे कोण आहे? घर बंद करू. ह्या बोटीला माझ्याबरोबर चल."

सुपातला खडा मी उचलला, अंगणात टाकला.

"नको," मी म्हटलं. "माझं इथे एकटीचं बरं चाललंय."

ह्यांनी झटकन मान वर केली. मग उठले, चपला पायात सरकवल्या, आणि बोट कधी सुटते ते विचारायला बंदराकडे गेले.